केटी लागली म्हणजे शिष्यवृत्ती गेली?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर लोधिवलीजवळ सकाळी उभे राहिले तर दोन प्रकारची गर्दी दिसते. एक पाताळगंगा एमआयडीसीच्या पहिल्या पाळीची, दुसरी कॉलेजची. पदवीसाठी इथली मुले विखुरतात. कुणी खोपोलीच्या के.एम.सी.ला, कुणी रसायनीच्या पिल्लईला, कुणी पनवेलच्या सी.के.टी.ला, कुणी कर्जतच्या कोकण ज्ञानपीठाला. या दोन गर्द्यांत दर वर्षी थोडी अदलाबदल होते. गेल्या साली पाठीवर सॅक असलेला मुलगा यंदा गळ्यात ठेकेदाराचे ओळखपत्र अडकवून उभा असतो. का रे, म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले: "केटी लागली, स्कॉलरशिप बंद झाली."

या वाक्यातला स्वल्पविराम मला खटकतो. विषय राहिला या पहिल्या अर्ध्यातून शिष्यवृत्ती गेली हे दुसरे अर्धे आपोआप निघते असे सांगणाराही धरून चालतो आणि ऐकणाराही. ते खरेच निघते का, हे एकदा नियम समोर ठेवून बघायला हवे. मी बघितले, आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर 'नाही' असे आले. म्हणून हा आढावा.

आधी पणाला काय लागलेले असते ते बघू. अनुसूचित जातीचा, घरून ये-जा करणारा बी.ए.-बी.कॉम.चा विद्यार्थी असेल तर २०२१च्या सुधारित दरांप्रमाणे त्याला वर्षाला ३,००० रुपये निर्वाह भत्ता मिळतो. वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या गटात हेच आकडे ७,००० आणि १३,५०० होतात. तीन हजार म्हणजे महिन्याला अडीचशे. एसटीचा पास आणि दोन वह्या. पण खरा आधार भत्त्याचा नसून फीचा असतो. शिष्यवृत्ती चालू आहे तोवर फीचा भार सरकारवर. ती थांबली की तोच आकडा बापाच्या नावावर येतो. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते तिथे तो आकडा ऐकूनच कॉलेज सुटते. अर्ज नामंजूर व्हायची वाटही कुणी बघत नाही.

आता नियम. या सगळ्या पसाऱ्याचे मूळ भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आहे. डॉ. आंबेडकर १९४२मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि १९४४मध्ये अनुसूचित जातींसाठी ही योजना सुरू झाली. पुढे आदिवासी विद्यार्थ्यांनाही ती लागू झाली. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा सध्या दोन्हींना वर्षाला अडीच लाख. पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात. अनुसूचित जातींसाठी वाटा ६०:४०, जमातींसाठी ७५:२५. खालापूर-कर्जतच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरून जे कॉलेजात पोचतात, ते जवळपास सगळे याच दोरीला धरून.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या २०१०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सावकाश वाचल्या तर नवल वाटते. सरकारी कागद इतका समजूतदार असेल अशी आपली अपेक्षाच नसते. मूळ अट साधी आहे: विद्यार्थी वरच्या वर्गात गेला पाहिजे, वागणूक चांगली आणि हजेरी नियमित पाहिजे. गुणांची टक्केवारी तिथे मागितलेलीच नाही. त्यापुढे तीन सवलती आहेत, आणि या तिन्हींविषयी बोलायला हवे.

पहिली सवलत थेट केटीची आहे. विद्यापीठाच्या नियमाने विद्यार्थी खालच्या वर्गात पूर्ण पास न होताही वरच्या वर्गात बसवला गेला असेल आणि राहिलेले विषय नंतर देणार असेल, तर ज्या वर्गात त्याला बसवले त्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मिळेल. म्हणजे आपली एटीकेटी. मुंबई विद्यापीठात ठरावीक विषयांपर्यंत केटी घेऊन पुढच्या वर्षात जाता येते, हे रायगडातल्या प्रत्येक कॉलेजकुमाराला पाठ असते. शिष्यवृत्तीही त्याच्याबरोबर पुढच्या वर्षात जाते, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

दुसरी सवलत नापासाची. मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा नापास झाल्यास शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येते. दुसऱ्यांदा आणि त्यानंतर मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च स्वतःचा. बाकीच्यांचे काय? राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर योजनेच्या अटींत लिहिलेले आहे की नापास झालेल्या वर्षाची परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळेल, पण पुढच्या वर्गात जाईपर्यंत त्याच वर्गासाठी पुन्हा लाभ नाही. नीट वाचा. 'जाईपर्यंत नाही' याचा अर्थ 'गेल्यावर आहे'. शिष्यवृत्ती एक वर्ष थांबते, मरत नाही. आपल्याकडे तिचे तेरावे मात्र लगेच घातले जाते.

तिसरी सवलत सगळ्यात कमी माहीत असलेली. आजारपणामुळे किंवा कल्पना नसलेल्या एखाद्या घटनेमुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर वैद्यकीय दाखला किंवा दुसरा पुरेसा पुरावा देऊन पुढच्या वर्षासाठी शिष्यवृत्ती चालू ठेवता येते. त्यासाठी प्राचार्यांचे समाधान व्हायला हवे, आणि हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर पास झाला असता असे त्यांनी लिहून द्यायला हवे. एवढा मोठा अधिकार कॉलेजच्या केबिनमध्ये पडून आहे. खालापूर तालुक्यात बसून हे कलम वाचताना इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. असे संकट ज्याच्या घरावर कोसळते त्याच्या त्या वर्षीच्या गुणपत्रिकेला काय अर्थ उरतो? ते कलम अशाच वेळेसाठी लिहिलेले आहे. ते वापरायचे तर कुणीतरी विद्यार्थ्याला बोलावून 'असे एक कलम आहे' एवढे सांगितले पाहिजे.

एवढे झाले मॅट्रिकोत्तरचे. पण शिष्यवृत्त्या डझनांनी आहेत आणि प्रत्येकीची फूटपट्टी निराळी. चौक नाक्यावरून एकाच विक्रम रिक्षात बसून जाणारे चार वर्गमित्र धरा. चौघांनाही एकाच विषयात केटी लागली. आदिवासी मुलाचे वर सांगितलेच: वरच्या वर्गात बसला तर चालू. खुल्या गटातल्या मुलीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, जिला लोक अजून 'ईबीसी'च म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, घरातल्या पहिल्या दोन मुलांपुरती. तिथे गुण विचारत नाहीत. मागच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी, प्रत्येक सत्राच्या परीक्षेला बसणे आणि मध्ये दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसणे, हे बघतात. तिसऱ्याला बारावीच्या गुणांवर केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली आहे, वर्षाला १२,००० रुपयांची. तिच्या नूतनीकरणाला किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. चौथी हुशार, बी.एस्सी.ला, 'इन्स्पायर'ची ८०,०००वाली. तिला ६० टक्के टिकवावे लागतात. विषय एकच राहिला, पण एकाला काहीच झाले नाही, एकीला हजेरीपत्रक लागले आणि दोघांना बेरीज करत बसावे लागले. गाडीतून उतरताना चौघांनीही एकमेकांना सांगितलेले असते, 'गेली रे स्कॉलरशिप.' आणि चौघांतला जो सगळ्यात सुरक्षित आहे, तोच बहुधा आधी कॉलेज सोडतो, कारण चौकशीला जायला त्याच्याकडे ना वेळ ना हिंमत.

वसतिगृहाऐवजी रोख मदत देणाऱ्या योजना यांहून कडक आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७पासून अनुसूचित जातींना 'स्वाधार' आणि आदिवासींना 'स्वयंम्' आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहून शिकायला वर्षाला ६०,००० रुपये, लहान ठिकाणी त्याहून कमी. रक्कम मोठी म्हणून चाळणीही बारीक. स्वाधारला सुरुवातीला ६० टक्के गुणांची अट होती. ओरड झाल्यावर ती ५०वर आली. हजेरी ७५ टक्के. मला ही अट उलटी वाटते. ज्याला राहायला जागा नाही त्याचे गुण कमी पडणार हे उघड आहे. जागा दिल्यावर गुण मागावेत, जागेसाठी गुण मागू नयेत.

मुलींच्या बाबतीत सरकारने अलीकडे मोठी उडी मारली. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ झाली. आधी ती निम्मी होती. त्यासाठी सुमारे ९०६ कोटींचा भार सरकारने उचलला. चांगलेच झाले. पीएच.डी.साठीच्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या हा वेगळा प्रांत आहे. तिथे प्रगतीचे अहवाल असतात आणि आंदोलनेही. त्यात इथे शिरत नाही.

हजेरीकडे मात्र थांबायला हवे, कारण खालापूर-कर्जतमध्ये गळती तिथूनच सुरू होते. ७५ टक्के हा आकडा शहरात बसून सोपा वाटतो. इथले वर्ष वेगळ्या पंचांगाने चालते. कॉलेज सुरू होते तेव्हा भाताची आवणी असते. पहिल्या सत्राची परीक्षा जवळ येते तेव्हा कापणी आणि झोडणी. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ सबंध. कॉलेजात शिकणारा पोरगा घरी एकटा राहिला तरी भट्टीवरून बोलावणे येतेच, कारण उचल घेतलेली असते. त्यातून पनवेल-कर्जत लोहमार्गावर चौक आणि मोहोपे ही स्थानके असूनही लोकलची वाट बघणे चालू आहे. नव्या उपनगरी मार्गाचे काम होईपर्यंत एसटी आणि सहा आसनीवरच भिस्त. पहिले लेक्चर चुकते ते आळसाने चुकले की गाडीने, हे हजेरीपत्रकात कळत नाही. हजेरीची अट काढून टाका असे मी म्हणणार नाही. एकेकाळी मुले नुसती कागदावर दाखवून शिष्यवृत्तीचा पैसा लाटणाऱ्या संस्था महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, त्यांच्या चौकशीसाठी खास पथक नेमावे लागले होते. हजेरीची कडक मोजणी त्या चोरीवरचा उतारा म्हणून आली. पण चोरी संस्थाचालकांची आणि बोट टेकवायची सक्ती कातकऱ्याच्या पोरावर, हे गणित जमत नाही.

आणि खंड. 'गॅप' या शब्दाची आपल्या कार्यालयांना भलती धास्ती आहे. गॅपचे प्रतिज्ञापत्र, गॅपचे कारण, गॅपचा पुरावा. या जिल्ह्याला डॉ. आंबेडकरांचे नाव नवे नाही. महाडचे तळे इथले, लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यांच्या नावाचे. त्यांच्या शिक्षणाचा हिशोब या नजरेने कुणी मांडत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार. कोलंबियातून ते लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडनने त्यांना चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. मुंबईत प्राध्यापकी करून, पै-पैसा साठवून, शाहू महाराजांसह काहींची मदत घेऊन ते १९२०मध्ये पुन्हा गेले. १९२१मध्ये एम.एस्सी., १९२३मध्ये डी.एस्सी. मध्ये खंड पडला तीन वर्षांचा. आजच्या ईबीसीच्या अर्जात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. त्या दोन वर्षांमागे काही विचार असेल तर तो कुणीतरी सांगावा.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर हा प्रश्न आणखी टोकदार केला आहे. २०२४-२५पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा आला. एक वर्ष करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडा, तीन वर्षांच्या आत परत या, श्रेयांक बँकेत जमा राहतील, असे धोरण सांगते. शिक्षण खाते म्हणते बाहेर जा, परत ये; शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणतो खंड का पडला ते सांग. या दोघांनी एकदा एका टेबलावर बसायला हरकत नाही.

बाहेर हे कसे चालते तेही बघू. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या घरी 'सॅप' हा शब्द ऐकू येतो. तिथल्या केंद्रीय मदतीसाठी 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' दाखवावी लागते. तिची मापे ठरलेली: चार वर्षांच्या पदवीत दुसरे वर्ष संपताना सरासरी सी श्रेणीच्या खाली नको, आणि अभ्यासक्रमाला नेमलेल्या कालावधीच्या दीडपटीच्या आत तो संपला पाहिजे. १२० श्रेयांकांची पदवी असेल तर १८० श्रेयांकांचे प्रयत्न होईपर्यंत मुभा, म्हणजे घेतलेल्यातले साधारण दोनतृतीयांश तरी पार करत राहायचे. आपल्या मॅट्रिकोत्तर योजनेपेक्षा हे खरे तर कडक आहे. मॅट्रिकोत्तरला सरासरी कुणी विचारत नाही. पण तिथे नियमाच्या भोवती एक रीत आहे. प्रत्येक कॉलेजने आपले धोरण छापून ठेवावे लागते. प्रगती तपासून मदतीवर परिणाम होणार असेल तर विद्यार्थ्याला कळवावे लागते. अनेक कॉलेजे आधी एका सत्राची ताकीद देतात, मदत तेवढ्यात चालू राहते. मदत थांबलीच तर अपील करता येते: घरातले कुणी गेले, आजारपण आले, दुसरे काही विशेष घडले. अपील मानले तर पुढच्या सत्रांची आखणी करून परत संधी. तिथेही सगळे आलबेल नाही, अपिलाचे कागद गोळा करता करता गरीब मुलेच आधी थकतात. तरी विचारायला एक दार आहे आणि त्या दारावर पाटी आहे.

आपल्याकडे असे दार अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. वर सांगितलेले आजारपणाचे कलम हे दारच आहे. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या व्याजसवलतीतही अभ्यासक्रम मध्येच सोडला की सवलत जाते, पण वैद्यकीय कारण कागदोपत्री दाखवता आले तर अपवाद आहे. म्हणजे दार आहे, पाटी नाही. महाडीबीटीवर तक्रारीची सोय आहे, पण ती मुख्यतः अडकलेल्या पैशांची: अर्ज क्लार्कच्या लॉगइनला पडून आहे, आधार सीडिंग झालेले नाही, हप्ता आला नाही. 'माझी प्रगती का थांबली ते ऐकून घ्या' यासाठी नाही. त्यासाठी आदिवासी मुलाला पेणच्या प्रकल्प कार्यालयात, दलित मुलाला अलिबागच्या समाजकल्याणकडे जावे लागते. लोधिवलीहून अलिबाग म्हणजे एका दिवसाचा रोज बुडाला.

आणि प्रगती काय फक्त विद्यार्थ्यानेच दाखवायची? २०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्याच शैक्षणिक वर्षात जुनी ऑनलाइन व्यवस्था मोडून महाडीबीटी आली आणि ती इतकी अडखळली की त्या वर्षापुरते कागदी अर्ज घ्यायची वेळ आली. म्हणजे निकाल दाखवल्याशिवाय नूतनीकरण नाही, निकाल विद्यापीठात अडकलेला, आणि निकाल मिळाला तरी अर्ज भरायचे पोर्टल बसलेले. त्या साली कुठल्याही विद्यापीठाची किंवा खात्याची 'समाधानकारक प्रगती' कुणी तपासली नाही. शिष्यवृत्तीची रक्कम पुढच्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत हातात न येणे हे आता इतके सवयीचे झाले आहे की त्याला उशीर म्हणायचेही लोकांनी सोडले. वेळेवर मिळाली असती तर ठेकेदाराकडे न जाता पास झालीही असती, अशी मुले या पट्ट्यात आहेत. त्यांचे नापास होणे कुणाच्या खात्यावर लिहायचे?

माझे मत सांगतो. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचे प्रगतीचे नियम फारसे क्रूर नाहीत. स्वाधारची गुणांची अट आणि ईबीसीचा दोन वर्षांचा खंड सोडला तर ते बरेचसे माणुसकीचे आहेत. ते कुलूपबंद आहेत हा दोष आहे. केंद्राच्या सूचना इंग्रजीत, राज्याचे शासन निर्णय त्यांच्या खास मराठीत, आणि विद्यार्थी फाट्यावर. नियम आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभा असतो तो कॉलेजचा शिष्यवृत्ती क्लार्क, ज्याच्याकडे शेकडो अर्ज आणि एक संगणक असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. निकाल लागल्याच्या आठवड्यात कॉलेजने केटी असलेल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला बोलावून 'तुझी चालू आहे' किंवा 'तुझी एक वर्ष थांबेल, मग सुरू होईल' एवढे एक वाक्य सांगायचे ठरवले, तर त्याला ना शासन निर्णय लागतो ना निधी. मॅट्रिकोत्तरच्या त्या तीन सवलती साध्या मराठीत एका कागदावर लिहून तो फीच्या खिडकीशेजारी चिकटवता येतो.

ते होईपर्यंत तुमच्या-माझ्या हातात एक गोष्ट आहे. तुमच्या वाडीवरच्या कुणाची केटी राहिली असेल, कुणाचे वर्ष आजारपणात गेले असेल, तर त्याला ठेकेदाराकडे जाण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज भरायला लावा. परीक्षाच चुकली असेल तर दवाखान्याचा कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनपर्यंत त्याच्याबरोबर जा. एकट्याला तिथे बोलता येत नाही.